विमानाचे वय कशाने मोजायचे?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली याच चंडीगडला ही विमाने प्रथम सेवेत दाखल झाली होती. बासष्ट वर्षांच्या या प्रदीर्घ सहवासात मिग-२१ ने १९७१ च्या युद्धात नाव कमावले आणि पुढे अपघातांच्या मालिकेमुळे ‘उडती शवपेटी’ हे कुत्सित बिरुदही पदरात पाडून घेतले. निरोपाच्या निमित्ताने जी चर्चा झाली तिच्यात ‘जुनाट’ हा एक शब्द वारंवार कानी येत होता. विमान जुने झाले होते म्हणून ते पडत होते, असे हे सरळ गणित. सामान्य माणसाला ते पटतेही, कारण घरातील पंख्यापासून रस्त्यावरील मोटारीपर्यंत सर्वत्र त्याचा अनुभव तसाच असतो.

परंतु विमानाच्या बाबतीत हे गणित फसवे आहे. एक तर १९६३ साली आलेली विमाने आणि २०२५ साली निवृत्त झालेली विमाने एकच नव्हेत. अखेरपर्यंत टिकलेली विमाने ‘बिस’ या नंतरच्या प्रकारची होती, नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात बांधलेली आणि पुढे ‘बायसन’ या नावाने सुधारलेली. दुसरे असे की, मिग-२१ च्या अपघातांमागे इंजिनातील बिघाड, पक्ष्यांची धडक, वैमानिकांच्या चुका अशी कितीतरी कारणे होती. ‘हॉक’ हे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हाती येण्यास २००८ साल उजाडले. तोवर नवशिक्या वैमानिकांना साध्या विमानांवरून थेट या अत्यंत वेगवान विमानावर बसवावे लागे, हेही विसरून चालणार नाही. ‘जुनाट’ या एका शब्दाखाली हे सारे झाकून टाकले की कोणालाच पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. विमान म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते, हाच तो प्रश्न.

विमानाला वयाची तीन मापे असतात. कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनची वर्षे हे पहिले, हवेत काढलेले तास हे दुसरे आणि उड्डाण करून पुन्हा जमिनीवर उतरण्याच्या फेऱ्यांची संख्या हे तिसरे. मुंबईच्या रस्त्यावर थांब्याथांब्याला उभी राहणारी बेस्टची बस आणि रात्रभर धावून नागपूर गाठणारी एसटीची रातराणी यांचे किलोमीटर सारखे भरले, तरी दोघींच्या ब्रेकांची दशा सारखी नसते. विमानाचे तसेच आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान एका फेरीत पंधरा-सोळा तास काढते. बेटाबेटांवरून ये-जा करणारे विमान तेवढ्या वेळात तीस-चाळीस वेळा वर जाऊन खाली येते.

आणि वर जाणे म्हणजे केवळ वर जाणे नव्हे. दहा-अकरा हजार मीटरवरील विरळ हवेत माणूस जगू शकत नाही, म्हणून आतल्या केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते. त्या उंचीवर विमानाच्या धडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे साडेपाच टनांचा रेटा असतो. धड किंचित फुगते. विमान उतरले की पूर्ववत होते. म्हणजे प्रत्येक फेरीत विमान एक श्वास घेते आणि सोडते. जाड तार हातांनी एकदा ओढून तुटत नाही, पण तीच पुनःपुन्हा वाकवली तर तुटते. धातूच्या या शिणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रेल्वे-अभियंता ऑगस्ट व्हॉलर याने आगगाडीच्या आसांवर केला होता. विमानांचा त्या काळी पत्ताही नव्हता. ज्या डकोटा विमानांनी २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय जवानांना श्रीनगरला उतरवले, त्यांतील केबिनमध्ये दाबाने हवा भरण्याची सोय नव्हती. ही उणीवच एका अर्थाने त्यांच्या पथ्यावर पडली. त्यांच्या धडाला हा श्वासोच्छ्‌वास कधी करावाच लागला नाही, आणि त्या जातीची काही विमाने आजही जगात उडत आहेत. वर्षांच्या हिशेबाने ती पणजोबा ठरतील.

श्वास घेणाऱ्या विमानांनी आपली किंमत लवकरच वसूल केली. ब्रिटनचे ‘कॉमेट’ हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान २ मे १९५२ रोजी नियमित सेवेत आले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून कोसळले आणि त्रेचाळीस माणसे दगावली. वादळाचा जोरदार झोत हेच तेव्हा कारण मानले गेले. पुढे १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सच्या दक्षिणेस अशी आणखी दोन कॉमेट हवेतच फुटून समुद्रात पडली. यांपैकी पहिल्याची अवघी बाराशे नव्वद उड्डाणे झाली होती, दुसऱ्याची जेमतेम नऊशे. नेव्हिल शूट या इंग्रज कादंबरीकाराने, जो स्वतः विमान-अभियंता होता, १९४८ सालीच धातूच्या शिणाने विमानाचे शेपूट तुटण्याची कथा लिहिली होती. पण कादंबऱ्या वाचून कोणी विमाने थांबवीत नाही.

फार्नबरो येथील शासकीय संशोधनसंस्थेचे प्रमुख सर अर्नोल्ड हॉल यांनी मग एक अख्खे कॉमेट विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत बसविले. हवा भरून धड फोडले असते तर ते बाँबसारखे उडाले असते आणि पुरावाच नष्ट झाला असता. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे तडा जिथे पडेल तिथेच तो दिसतो. उड्डाणामागून उड्डाणाचा दाब देत ३,०५७ व्या फेरीस ते धड फाटले, आणि तडा खिडकीच्या कोपऱ्याशी सुरू झालेला आढळला. वयाचा अर्थच त्या दिवशी बदलला. पुऱ्या दोन वर्षांचेही न झालेले विमान म्हातारे असू शकते, हे जगाला प्रथम कळले.

त्यानंतर अभियंत्यांनी विमाने अशी बांधण्यास आरंभ केला की एक भाग तुटला तरी शेजारचा भाग भार पेलेल. ही कल्पना निर्दोष वाटत होती. १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका विमानतळावर उतरू पाहणाऱ्या एका मालवाहू बोइंग ७०७ चे उजवे आडवे शेपूट निखळून पडले आणि विमानातील सहाही जण ठार झाले. त्या विमानाने ४७,६२१ तास उड्डाण केले होते. पहिला भाग केव्हाच तुटला होता. दुसऱ्याने भार पेलला खरा, पण पहिला तुटलेला आहे हे कोणी पाहिलेच नाही. आधार देणाऱ्याच्या जिवावर किती दिवस काढायचे याला सीमा असते. म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेने नियम बदलला: तडा जाणारच असे गृहीत धरायचे, तो किती वेगाने वाढेल ते काढायचे, आणि घातक होण्याआधी तो सापडेल अशा अंतराने तपासणी करायची. जगातील बहुतेक प्रवासी विमाने आज याच तत्त्वावर उडतात. येथे एका गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. या नियमाने विमानाची सुरक्षितता पोलादावरून आणि ॲल्युमिनियमवरून काढून माणसाच्या डोळ्यांवर ठेवली.

ते डोळे कोणत्या स्थितीत काम करतात, याचा उलगडा हवाई बेटांवर झाला. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ हिलो येथून होनोलुलूकडे निघाले होते. चोवीस हजार फुटांवर पोचताच पुढच्या बाजूचे सुमारे अठरा फूट लांबीचे छत पार उखडून गेले. उभी असलेली एक विमानसेविका बाहेर फेकली गेली. तिचा देह कधीच सापडला नाही. प्रवासी पट्टे बांधून उघड्या आकाशाखाली बसले होते. वैमानिकांनी मावी बेटावरील काहुलुई विमानतळावर ते विमान अक्षरशः अर्धे उघडे असताना उतरविले. पासष्ट जण जखमी झाले, पण त्या सेविकेखेरीज कोणी दगावले नाही. वैमानिकांच्या या कामगिरीची गाथा सर्वत्र गायली गेली, आणि ती योग्यच होती. मात्र खरा बोध त्या विमानाच्या आकड्यांत आहे.

१९६९ साली बांधलेल्या त्या विमानाचे तास होते ३५,४९६. एवढ्या तासांत कोणतेही विमान म्हातारे मानले जात नाही. फेऱ्या मात्र होत्या ८९,६८०. सरासरी काढली तर एका उड्डाणाला चोवीस मिनिटेही पडत नाहीत. बांधणाऱ्यांनी या जातीच्या विमानासाठी पंचाहत्तर हजार फेऱ्यांचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले होते, आणि जगभरच्या ७३७ विमानांत फेऱ्यांच्या बाबतीत या विमानाचा क्रमांक दुसरा होता. मोठ्या तपासणीचे वेळापत्रक मात्र तासांच्या हिशेबावर आखलेले होते. कंपनीने ते अंतर बोइंगने सांगितलेल्या वीस हजार तासांऐवजी पंधरा हजार तास असे कमी केले होते, त्यामुळे कागदावर ती अधिक दक्ष दिसत होती. चुकीच्या फुटपट्टीने काटेकोरपणे मोजल्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शिवाय या प्रारंभीच्या ७३७ विमानांत एक जन्मजात दोष होता. धडाचे पत्रे एकमेकांवर चढवून त्यांच्यामध्ये इपॉक्सी गोंदाची पट्टी घातलेली असे आणि वर रिव्हेटच्या तीन ओळी. भार गोंदाने पेलायचा, रिव्हेटनी केवळ साथ द्यायची, अशी योजना होती. समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेत गोंद सुटला, आत पाणी शिरले, पत्र्याला क्षरण लागले आणि सारा भार रिव्हेटच्या छिद्रांवर आला. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्यात एका छिद्रापाशी केसाएवढा तडा गेला, तसाच शेजारच्या छिद्रापाशी, तसाच त्याच्या शेजारी. एकेकटा तडा निरुपद्रवी होता. पण शेजारचा भाग भार पेलेल हे तत्त्व शेजारीही तितकाच थकलेला असेल तर निकामी होते, आणि येथे सारी ओळच थकलेली होती. हे घडण्याची शक्यता ठाऊक नव्हती असेही नाही. १९८७ मध्येच अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने या सांध्यांच्या तपासणीचा आदेश काढला होता. पण तो सर्व सांध्यांना लागू न करता मोजक्या सांध्यांपुरता ठेवला.

तपासणी झाली होती, दप्तरी तशी नोंदही होती. मग तडे दिसले का नाहीत? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८९ साली दिलेल्या अहवालात याचे जे वर्णन केले आहे ते प्रत्येक कचेरीतील माणसाने वाचावे असे आहे. दिवसा विमान पैसे मिळविण्यास हवे, म्हणून तपासणी रात्री. आठ वर्षांच्या मोठ्या तपासणीचे बावन्न तुकडे पाडलेले, म्हणजे विमान कधी सलग थांबायलाच नको. तपासनीस प्रखर दिवा घेऊन मचाणावर चढणार, विमानाच्या गोल पाठीवर सरकत जाणार, घसरू नये म्हणून हँगरच्या तुळयांना बांधलेला दोर कधी कमरेला लावणार, आणि एकेक रिव्हेट पाहणार. शंभर रिव्हेट पाहिल्या, तडा नाही. पाचशे पाहिल्या, तडा नाही. काही सापडत नाही असे मनाने एकदा घेतले की डोळे पाहतात, पण मन पाहत नाही. आणि मंडळाने हा त्या कामगिरांचा स्वभावदोष न मानता कामाचाच गुणधर्म मानला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रात्री दोन वाजता तपासणाऱ्या शिक्षकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. मंडळाने ठपका कंपनीच्या देखभाल-व्यवस्थेवर, तिच्या व्यवस्थापनावर आणि सरकारी प्रशासनावरही ठेवला. त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी स्त्रीला दाराजवळ पत्र्यात चीर दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही. ज्यांचे ते काम होते त्यांनी पाहिलेच असेल, असे कोणाही प्रवाशाला वाटावे यात नवल नाही.

या अपघाताने ‘म्हातारी विमाने’ हा स्वतंत्र विषय झाला. त्याच वर्षी वॉशिंग्टनला परिषद भरली, १९९१ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, आणि केवळ तपासण्यावर भिस्त न ठेवता ठरावीक फेऱ्यांनंतर कमकुवत सांधे सक्तीने बदलण्याची पद्धत आली. २०१० सालच्या नियमाने तर प्रत्येक जातीच्या विमानाला अशी एक संख्या ठरवून देणे भाग पाडले की तीपुढे ते विमान उडविताच येणार नाही.

तास आणि फेऱ्या यांच्या पलीकडे विमानाला आणखी एक वय असते, ते त्याच्या जखमांचे. १९७८ साली जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ चे शेपूट ओसाका येथे उतरताना धावपट्टीला घासले. आतली दाबभिंत दुरुस्त करताना जोडपट्टी अखंड न वापरता दोन तुकड्यांत बसवली गेली, आणि दोन ओळींनी पेलायचा भार रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला. सात वर्षे ते विमान बिनबोभाट उडत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी भिंत फुटली. ५२० माणसे गेली, चार वाचली. याहून विलक्षण कथा चायना एअरलाइन्सची. १९८० साली हाँगकाँगला तशीच घासलेली शेपटी. ओरखड्यांचा पत्रा कापून न टाकता त्यावर ठिगळ बसवले. तडा ठिगळाखाली वाढत गेला. त्या काळी विमानात धूम्रपान चाले, आणि आतली हवा फटीतून बाहेर झिरपताना तंबाखूचे तपकिरी डाग ठिगळाच्या कडेला सोडीत होती. हे डाग छायाचित्रांत उमटले होते. त्यांचा अर्थ कोणी लावला नाही. जुन्या ठिगळांची विशेष तपासणी २००२ च्या अखेरीस व्हायची होती. विमान २५ मे २००२ रोजीच, चौसष्ट हजारांहून अधिक तास उडाल्यावर, हवेत फुटले आणि २२५ जण मृत्युमुखी पडले. वीस वर्षांपूर्वीचे ते काम करणारा कामगार तोवर कदाचित निवृत्तही झाला असेल. त्याची चूक मात्र सेवेत होती.

या पार्श्वभूमीवर, इतक्या वर्षांवरची विमाने सरसकट बंद करा, ही जी मागणी प्रत्येक अपघातानंतर आपल्याकडे होते ती कितपत उपयोगी आहे? आयात करावयाच्या विमानांना वयाची अट घालणारे नियम भारतातही आहेत आणि त्यांचा काही लाभ होतोच. परंतु वर्षांची अट ही कारकुनाला तपासण्यास सोपी अट आहे. विमानाला काय झाले आहे ते ती सांगत नाही. ते सांगू शकतो तो रंग खरवडून, आसने आणि अस्तर काढून, विमान हाडांपर्यंत उघडे करून पाहणारा माणूस. असे काम महाराष्ट्राला नवे नाही. ओझरला मिग-२१ च्या काळापासून लढाऊ विमाने पार सुटी करून पुन्हा उभी केली जात आहेत, आणि आज तेथे सुखोई-३० ची पाळी आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगच्या साहाय्याने उभारलेला देखभालीचा कारखाना आहे. तरीही भारतीय कंपन्यांची कितीतरी विमाने मोठ्या तपासणीसाठी परदेशी जातात, आणि देशात विमानांची संख्या ज्या वेगाने वाढत आहे त्या वेगाने अनुभवी देखभाल-अभियंते तयार होत नाहीत. वैमानिकाने किती तास सलग उडावे याविषयी आता निदान वाद तरी होतात. हँगरमध्ये रात्रपाळी करणाऱ्याने किती तास जागावे याकडे लोकांचे लक्ष जाण्यास मात्र अपघात घडावा लागतो. विमान सकाळी सहाला सुटणार असे तिकिटावर छापलेले असताना पहाटे चार वाजता ‘हे विमान जाणार नाही’ असे लिहून सही करण्याचा अधिकार त्याला कायद्याने आहे. तो वापरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे कायद्यात लिहिलेले नाही.

आणि आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक अलीकडचे उदाहरण. १ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेत फिनिक्सहून सॅक्रामेंटोला निघालेल्या साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ च्या छताला चौतीस हजार फुटांवर सुमारे पाच फुटांचे भगदाड पडले. विमान १९९६ चे, फेऱ्या चाळीस हजारांच्या आत. कोणत्याही मापाने ते तरुण नसले तरी म्हातारेही नव्हते. वैमानिकांनी ते युमा येथे सुखरूप उतरविले. तपासात असे निष्पन्न झाले की, कारखान्यातच छताचा तो पत्रा नीट बसविलेला नव्हता. तडे पहिल्या उड्डाणापासूनच वाढू लागले असावेत. त्या जातीच्या विमानांचा हा सांधा साठ हजार फेऱ्यांपर्यंत पाहण्याची गरज नाही असे बोइंगने मानले होते. अपघातानंतर चारच दिवसांनी आदेश निघाला आणि तीस हजार फेऱ्या पुऱ्या केलेल्या प्रत्येक विमानाच्या छतावर तपासनीस दिवा आणि उपकरण घेऊन चढले. पहिल्या काही दिवसांतच साउथवेस्टच्या आणखी विमानांत तसेच तडे सापडले.